मदतकार्याच्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून शिरायचं कसं आणि टीम सांभाळण्यापर्यंत पोचायचं कसं

नवीन आलेली मुलंमुली मला सगळ्यात जास्त एकच गोष्ट विचारतात, की आम्हाला नुसती खोकी उचलायला लावतात, आम्ही लीड कधी करणार? प्रश्न रास्त आहे. मी एकोणीस वर्षांची असताना हाच प्रश्न मनात घेऊन आले होते आणि पहिल्याच दिवशी मला रजिस्ट्रेशनच्या टेबलावर बसवलं, समोर एक वही, नाव लिहा, घरात माणसं किती, कोणी आजारी, कोणी गरोदर, तान्हं बाळ आहे का, बस एवढंच, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तीन दिवस मी मनातल्या मनात धुमसत होते. चौथ्या दिवशी वाटपाचं नियोजन चालू असताना कुणीतरी विचारलं की दोन वर्षांखालची बाळं असलेली घरं किती आहेत, आणि अख्ख्या खोलीत कुणालाच सांगता येईना. उत्तर माझ्या वहीत होतं. त्या मीटिंगला मला आत बोलावलं ते वहीमुळे आणि नंतर दर मीटिंगला बोलावत राहिले तेही वहीमुळेच.

म्हणून माझा पहिला सल्ला हाच, की माईक मागू नका, वही मागा. कोणाला मिळालं, कोण राहिलं, कोण काय बोललं हे ज्याला माहितीय त्याला विचारल्याशिवाय निर्णय घेताच येत नाही, मग तो अठरा वर्षांचा का असेना.

आधी संस्था नीट बघून घ्या

उत्साहाच्या भरात कुठेही नाव नोंदवू नका. जायच्या आधी सरळ विचारा: ओरिएंटेशन देता का? फिल्डवर जखम झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार, विमा आहे का? माझ्यावर देखरेख कोणाची? काही चुकीचं दिसलं तर तक्रार कोणाकडे करायची, आणि तो माणूस माझ्या टीम लीडपेक्षा वेगळा आहे ना? अठराच्या आतल्यांना कुठली कामं देता? या प्रश्नांवर जिथे समोरचा वैतागतो तिथे पुढे जाऊ नका, खरंच. चांगल्या संस्थेला हे प्रश्न आवडतात, कारण असे प्रश्न विचारणारी मुलं पुढे जबाबदार निघतात हे त्यांना अनुभवाने माहीत असतं.

वयाचं म्हणाल तर रेड क्रॉस आणि रेड क्रेसेंटच्या जागतिक महासंघाच्या धोरणात तरुण म्हणजे ५ ते ३० वर्षं असा पट्टा धरलाय, त्यात ५ ते ११ मुलं, १२ ते १७ किशोर, आणि १८ ते ३० तरुण प्रौढ. म्हणजे तेरा वर्षांच्या मुलीलाही जागा आहे, फक्त तिला पुराच्या पाण्यात पाठवायचं नसतं. शाळेत प्रथमोपचार शिकवणं, सोबतच्या मुलांशी बोलणं, वस्तू लावून ठेवणं, याद्या तपासणं, पोस्टर बनवणं ही कामं ती करू शकते आणि मोठ्यांपेक्षा चांगली करते. अठरा पूर्ण नसताना कुणी धोक्याच्या जागी चल म्हणालं तर नाही म्हणा. त्यात भित्रेपणा काही नाही, तो नियमच आहे.

तत्त्वं पाठ करू नका, वापरून बघा

रेड क्रॉस चळवळीची सात मूलभूत तत्त्वं १९६५ साली व्हिएन्नाच्या परिषदेत जाहीर झाली: मानवता, निःपक्षपात, तटस्थता, स्वातंत्र्य, स्वयंसेवा, एकता, वैश्विकता. ट्रेनिंगला सगळे ती घडाघडा म्हणून दाखवतात आणि मग फिल्डवर गेल्यावर निःपक्षपात आणि तटस्थता यात गल्लत करतात. निःपक्षपात म्हणजे मदत कोणाला आधी द्यायची ते फक्त गरजेवरून ठरवायचं, तो कुठल्या धर्माचा, कुठल्या पक्षाचा, आपल्या ओळखीचा आहे का हे बघायचंच नाही. तटस्थता म्हणजे भांडणात बाजू घ्यायची नाही, लढाईत तर नाहीच पण राजकीय, धार्मिक, वैचारिक वादातही नाही. दुसरी गोष्ट तरुणांना फार जड जाते, आणि का जाते ते मला कळतं, कारण अन्याय डोळ्यांसमोर दिसत असतो आणि हातात फोन असतो. पण संस्थेचं जॅकेट घातलेला तुमचा फोटो आणि त्याखाली एका बाजूला शिव्या देणारी पोस्ट असं एकत्र गेलं, की उद्या त्या बाजूच्या वस्तीत आपल्या ॲम्ब्युलन्सला कुणी शिरू देणार नाही. तिथल्या जखमी माणसाने ती पोस्ट लिहिलेली नसते. भोगतो मात्र तो. तुमची मतं जरूर असू देत, जॅकेट घातलेलं असताना आणि संस्थेच्या नावाने ती मांडू नका.

थोडं सोल्फेरिनोबद्दल, कारण पद्धत तिथूनच मिळते

२४ जून १८५९ ला उत्तर इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली, सुमारे ४० हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. आंरी द्युनां नावाचा ३१ वर्षांचा स्विस माणूस तिथे स्वतःच्या धंद्याच्या कामासाठी गेलेला, डॉक्टर नव्हता, सैनिक नव्हता. जवळच्या कास्तिलिओने गावातलं चर्च जखमींनी भरून गेलेलं बघून त्याने गावातल्या बायका, मुलं, जो मिळेल त्याला कामाला लावलं, पाणी, पट्ट्या, कपडे गोळा केले, मरणाऱ्यांचे निरोप लिहून घेतले. जखमी आपल्या बाजूचा का शत्रूचा हे गावातल्या बायकांनी पाहिलं नाही, सगळे भाऊच आहेत असं त्या म्हणत होत्या.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहिती असते. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. तो घरी गेला आणि जे पाहिलं ते त्याने लिहून काढलं, १८६२ मधे स्वतःच्या खर्चाने छापलं, आणि शेवटी दोन स्पष्ट सूचना केल्या: शांततेच्या काळातच स्वयंसेवकांना तयार करून ठेवा, आणि जखमींचं रक्षण करणारा करार देशादेशांत करा. फेब्रुवारी १८६३ मधे जिनीव्हात पाच माणसांची समिती बनली, तिच्यातूनच पुढे रेड क्रॉस उभी राहिली, आणि ऑगस्ट १८६४ मधे पहिल्या जिनीव्हा करारावर १२ देशांनी सह्या केल्या. म्हणजे आधी हाताने काम, मग लिहून काढणं, मग नेमकी मागणी, या क्रमाने तो गेला. आपल्याकडची अर्धी तरुण मंडळी पहिल्यावर थांबतात आणि अर्धी थेट तिसऱ्यावर उडी मारतात. मधलं लिहायचं काम कुणालाच नको असतं.

शिकायचं काय

प्रथमोपचार, यात काही चर्चाच नको. मोठ्या माणसाचा श्वास बंद पडला, प्रतिसाद नाही, तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या वेगाने किमान ५ सेंटिमीटर खोल पण ६ च्या पुढे नाही असे दाब, ३० दाबांनंतर २ श्वास, हे वाचून येत नाही, पुतळ्यावर घाम निघेपर्यंत केल्यावरच हाताला कळतं. सर्टिफिकेट मिळालं की विषय संपला असं करू नका, काही महिन्यांत हात विसरतो. टीममधे महिन्यातून एकदा अर्धा तास सराव ठेवा, एवढं एक जरी सुरू केलंत तरी तुम्ही लीडिंग सुरू केलंत असं समजा.

दुसरं, मनाचा प्रथमोपचार. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मधे त्याची मार्गदर्शिका काढली, तिचा गाभा तीन शब्दांत आहे: बघा, ऐका, जोडून द्या. आधी आजूबाजूला बघा, धोका आहे का, कोणाला तातडीची गरज आहे. मग जवळ जाऊन ऐका, बोलायला भाग पाडू नका. मग त्या माणसाला त्याच्या घरच्यांशी, डॉक्टरशी, निवाऱ्याशी, माहितीशी जोडून द्या. 'सगळं ठीक होईल' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही, कारण ते आपल्याला माहिती नसतं आणि ज्याचं घर गेलंय त्याला ते खोटं आहे हे लगेच कळतं. त्यापेक्षा 'मी इथे बसते थोडा वेळ' हे पुरतं.

तिसरं शिक्षण कुणी आवर्जून देत नाही, आकड्यांचं. मदतकार्याचे किमान निकष 'स्फिअर' नावाच्या मार्गदर्शिकेत दिलेले आहेत आणि ती इंटरनेटवर फुकट वाचायला मिळते. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं, पाण्याची जागा ५०० मीटरच्या आत, छावणीत २० माणसांमागे एक शौचालय, निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा. आता बघा, मीटिंगमधे तुम्ही म्हणालात 'पाणी कमी पडतंय' तर सगळे मान हलवतात आणि पुढचा विषय घेतात. तेच तुम्ही म्हणालात की छावणीत ६०० माणसं आहेत, ९,००० लिटर लागतं, रोज ५,००० येतंय, शौचालयं ३० हवीत आणि आहेत १२, तर खोलीतला आवाज बदलतो. मी हे होताना पाहिलंय. तुमचं वय तेव्हा कुणी विचारत नाही.

पहिल्यांदा शिफ्ट हातात आली की

इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली.

वाटपाची पूर्ण शिफ्ट मला पहिल्यांदा मिळाली तेव्हा मी उत्साहात सकाळी लवकर वस्तीत निरोप पाठवला की किट मिळणार आहेत, या. लोक आले, रांग लागली, आणि मग आम्ही गोदामातून आलेली खोकी मोजली तर ४० कमी. तोपर्यंत ऊन चढलेलं, म्हातारी माणसं उभी, आणि रांग मोडायची सोय राहिली नव्हती. संपलं असं सांगायची वेळ आली तेव्हा अगदी पुढे एक बाई होती. ती भांडली नाही, रडली नाही, हातातली रिकामी पिशवी तिने नीट घडी घालून कमरेला खोचली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही कमी पडलेली किट घरोघरी पोचवली, तिला पण, पण ती घडी माझ्या डोळ्यांसमोरून गेली नाही.

तेव्हापासून क्रम पक्का आहे. आधी माल मोजायचा, दोघांनी वेगवेगळा मोजायचा, आकडा जुळला तरच निरोप द्यायचा. टोकन आदल्या दिवशी वाटायची आणि टोकनवर वेळ लिहायची म्हणजे दोनशे माणसं एकदम येत नाहीत. म्हातारी, गरोदर बाया, अपंग, लहान मूल कडेवर असलेल्यांची रांग वेगळी आणि सावलीत, आणि तिथे बसायला काहीतरी हवं. प्यायचं पाणी रांगेच्या शेवटाला ठेवा, सुरुवातीला नाही, कारण जास्त वेळ मागचेच उभे असतात. यादीत नाव नसलेला कुणी आला तर त्याला हाकलायचं नाही, त्याचं नाव वेगळ्या पानावर लिहायचं, त्यासाठी एक माणूस फक्त तेवढ्याच कामाला ठेवायचा. आणि किटमधे काय काय आहे, कोणाला का मिळतंय, हे मोठ्या अक्षरात लिहून लावायचं. अर्धी भांडणं माहिती नसल्यामुळे होतात.

टीमसाठी ब्रीफिंग पाच मिनिटांचं, उभ्या उभ्या: आज काय करायचंय, कोण कुठे, जोडीदार कोण, परत किती वाजता, काही झालं तर फोन कोणाला. जोड्या पाडूनच पाठवा, एकट्याला कधीच नाही. काम संपल्यावर डीब्रीफिंग न करता कुणाला घरी सोडू नका, दहा मिनिटं बसा, काय जमलं, काय फसलं, कोणाच्या मनात काय राहिलंय. सगळ्यात गप्प असलेल्याला शेवटी एकट्याला गाठून विचारा. आणि लीड असलात तर खोकी उचलायचा मोह आवरा. ऐकायला विचित्र वाटेल पण तुम्ही खोकं उचललेलं असताना रांगेच्या शेवटी काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही.

फोटो, याद्या आणि पैसे

विचारल्याशिवाय फोटो नाही, आणि मूल असेल तर आईबापांना पण विचारायचं. मदत हातात देतानाचा फोटो तर मी काढूच देत नाही, कारण त्या क्षणी तो माणूस नाही म्हणू शकत नाही. १९९४ च्या मदतकार्याच्या आचारसंहितेत दहा कलमं आहेत, त्यातलं दहावं हेच सांगतं की प्रसिद्धीत आपत्तीग्रस्तांना लाचार म्हणून नाही, मानाने जगणारी माणसं म्हणून दाखवा.

याद्या ग्रुपवर टाकू नका. कोणती बाई एकटी राहते, कोणाला कुठला आजार आहे ही माहिती चुकीच्या हातात गेली तर आपणच तिला धोक्यात टाकलं असं होतं.

पैशाचा हिशेब त्याच दिवशी, पावतीसकट, दोन सह्या. आणि मदतीच्या बदल्यात कुणी पैसे, काम, शरीर, काहीही मागतंय असा नुसता संशय जरी आला तरी तो स्वतः तपासत बसायचं नाही, मित्र असला तरी झाकायचं नाही, ठरवून दिलेल्या माणसाकडे लगेच जायचं. खरं का खोटं ते तपासायचं काम त्यांचं. सांगायचं काम आपलं.

टेबलावर जागा मागताना

२०१५ च्या डिसेंबरमधे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने तरुण, शांतता आणि सुरक्षा यावर २२५० क्रमांकाचा ठराव केला, २०१६ मधे इस्तंबूलच्या जागतिक मानवतावादी परिषदेत तरुणांच्या सहभागासाठी एक सामंजस्य करार पुढे आला. म्हणजे तुम्ही निर्णयात भाग मागता तेव्हा काही जगावेगळं मागत नाही आहात, हे मनात पक्कं ठेवा. पण मागायची रीत असते. 'तरुणांना संधी द्या' हे मागणंच नाही, त्यावर समोरचा हो म्हणतो आणि काहीच होत नाही. एका पानावर लिहा: अडचण काय (आकड्यासकट), आम्ही काय करणार, किती दिवस, किती खर्च, जबाबदार कोण, आणि फसलं तर बंद कधी करणार. शेवटचा मुद्दा असला की वरिष्ठांची अर्धी भीती जाते.

समितीत एक जागा देऊ करतात तेव्हा दोन मागा. एकटा तरुण मोठ्यांच्या खोलीत शोभेचा होऊन बसतो, दोघं असले की एक बोलतो आणि दुसरा लिहितो, बाहेर पडल्यावर 'असं खरंच म्हणाले का ते' हे पडताळता येतं. मीटिंगचे कागद आधी मागा. मत द्यायचा अधिकार आहे का ते विचारा. छोटंसं का होईना बजेट मागा, कारण पैसा खर्च करायची सही नसेल तर जबाबदारी कागदावरच राहते.

आणि ज्येष्ठांना शत्रू समजू नका, हे मी कळकळीने सांगते. आमच्या जुन्या स्टोअरच्या काकांनी मला कधी भाषण दिलं नाही, पण कुठलं खोकं खाली ठेवलं की ओल लागते आणि कुठलं औषध उन्हात गेलं की वाया जातं हे त्यांना जेवढं माहिती होतं तेवढं कुठल्याच ट्रेनिंगमधे नव्हतं. मी त्यांना मोबाईलवर स्टॉक टाकायला शिकवलं, त्यांनी मला स्टॉक म्हणजे काय ते शिकवलं. अशा जोड्या मुद्दाम लावा.

दमलात तर

झोप न लागणं, बारीक गोष्टीवर चिडणं, घरी आल्यावर कुणाशी बोलावंसं न वाटणं, किंवा उलट, घरी थांबवतच नाही, सारखं फिल्डवर पळावंसं वाटणं. यातलं काही दोन आठवडे टिकलं तर शिफ्ट सोडा आणि कुणाशी तरी बोला, संस्थेत समुपदेशक असेल तर त्यांच्याशी. लीड असाल तर सुट्टी आधी तुम्ही घ्या, म्हणजे बाकीच्यांना मागायला लाज वाटत नाही. परीक्षा असेल तर परीक्षा द्या. रोस्टरमधे, म्हणजे शिफ्टच्या यादीत, तुमच्या जागी दुसऱ्या कुणाचं नाव टाकून जा, एवढंच.

वही पुढे देताना

लीड झालात त्याच आठवड्यात तुमच्या नंतर कोण हे शोधायला लागा. मुदत आधीच ठरवा, वर्ष म्हणा, दीड वर्ष म्हणा, आणि सगळ्यांसमोर सांगून टाका. हँडओव्हरच्या फाईलमधे एवढं हवंच: सध्याच्या याद्या, स्टॉक, कोणाकडे कसली किल्ली, वस्तीत कोणाशी बोललं की काम होतं, अर्धवट राहिलेली कामं, कोणाला काय कबूल केलंय, आणि आपल्या कुठल्या चुका झाल्या. चुकांचं पान फाडायचा मोह होतो, फाडू नका, पुढच्याला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच असतो. माझ्या फाईलमधे ४० किटचा दिवस तारखेसकट लिहिलेला आहे.

नव्या लीडच्या पहिल्या तीन शिफ्टना जा, पण मागे उभे राहा, विचारल्याशिवाय बोलायचं नाही, जॅकेट घातलंत तरी लीडचा बिल्ला त्याच्याकडे असू दे. लोक सवयीने तुमच्याकडेच येतील, त्यांना त्याच्याकडे पाठवा. चौथ्या शिफ्टपासून जाऊ नका. फोन मात्र चालू ठेवा.